हाताला गुण आहे, म्हणून गादी घ्यावी का?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

माझं वय ४३. सहा वर्षांपूर्वी आई दीर्घ आजारात गेली. त्यानंतर एका मैत्रिणीबरोबर मी एका सूफी शिफा-मंडळात, म्हणजे आजाऱ्यांना बरं वाटावं म्हणून दुआ करणाऱ्या मंडळात, जायला लागले. दर गुरुवारी जिक्र, म्हणजे अल्लाहच्या नावांचा जप, होतो, मग आजारी माणसांच्या नावाच्या चिठ्ठ्या वाचून सगळे मिळून दुआ करतात. दोन वर्षांपूर्वी मी बैअत, म्हणजे गुरूंची दीक्षा, घेतली. लोक म्हणतात माझ्या हाताला गुण आहे. खरं सांगते, ते ऐकायला मला फार आवडतं. आवडतं म्हणूनच भीतीही वाटते.

आमची मजलिस, म्हणजे ही गुरुवारची बैठक, चालवणारे भाईजान आता दुसरीकडे राहायला जात आहेत. मुर्शिदांनी, म्हणजे आमच्या गुरूंनी, त्यांच्या जागी माझं नाव सुचवलं आहे. सोबत तीन वर्षांचं शिफा-प्रशिक्षण करायचं, त्याची सगळी फी आधी भरायची. मी दोन-चार शंका विचारल्या तर वरिष्ठ मुरीद, म्हणजे शिष्य, म्हणाले, 'एवढे प्रश्न पडतात म्हणजे भरवसा कमी आहे.' काहींना बाईने मजलिस चालवणंही पसंत नाही. घरी नवरा म्हणतो, तू ठरव. मला ठरवता येत नाही.

आणखी एक. आमच्याकडे येणाऱ्या एका मधुमेही बाईंनी दुआ सुरू झाल्यापासून इन्सुलिन कमी केलंय, असं त्यांनी मला कौतुकाने सांगितलं. मी काहीच बोलले नाही. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.

— मंडळातलीच एक

उत्तर

नमस्कार.

त्या मधुमेही बाईंबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं लिहिलंत. मी तिथूनच सुरुवात करते. हे वाचून झाल्यावर नको, आत्ताच त्यांना फोन करा. इन्सुलिन किती कमी केलंत आणि कुणाला विचारून, एवढं विचारा. आजच्या आज डॉक्टरांशी बोलायला लावा, जमलं तर सोबत जा. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही, त्यांचं ते तुटलं तर एक-दोन दिवसांतही रक्तात आम्ल साठू लागतं. उलट्या होतात, पोट दुखतं, धाप लागते, मग शुद्ध हरपते. ज्यांच्यात थोडंफार बनतं त्यांना इतक्या लवकर कळत नाही, पण डोळे, मूत्रपिंडं आणि पायाच्या नसा हळूहळू बिघडत राहतात. त्या म्हणतील, 'अहो, पण मला किती हलकं वाटतंय!' वाटत असेल, ते खोटं नाही. पण हलकं वाटणं म्हणजे साखर उतरणं नव्हे, आणि हे त्यांना तुम्हीच सांगायला हवं. कारण त्यांनी कौतुकाने सांगितलं ते तुम्हाला, आणि गप्प बसलात त्याही तुम्हीच.

मी एवढी घाई का करते, त्याला कारण आहे. अशाच एका मंडळात मी अकरा वर्षं जात होते. शेवटची चार वर्षं मजलिस माझ्याकडे होती. तिथे अपस्माराचा एक नऊ वर्षांचा मुलगा आईबरोबर यायचा. माझ्या शेजारी बसायचा आणि जिक्र चालू असताना माझ्या तसबीहचे मणी बोटाने मागेपुढे करायचा. मी रागवायचे नाही. तीन महिने त्याला फिट आली नाही. एका गुरुवारी चप्पल घालता घालता आईने विचारलं, 'आता गोळ्या कमी केल्या तर चालतील का हो?' डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडायची नाही, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. मी म्हटलं, 'तुमचं मन काय सांगतं?' त्या वेळी मला ते उत्तर शहाणपणाचं वाटलं होतं. आईने गोळ्या बंद केल्या. फिटच्या गोळ्या एकदम थांबवल्या की झटके उसळून येतात. त्याला नवव्या दिवशी लागोपाठ आले, आणि चार दिवस तो अतिदक्षता विभागात होता. वाचला. पुढे एकदा आई मंडळात आली. मला एका शब्दाने बोलली नाही. वाडग्यातली मुलाच्या नावाची चिठ्ठी तेवढी शोधून घेतली आणि गेली.

पैगंबरांचं एक वचन अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात आहे: वैद्यकीची माहिती नसताना जो वैद्यकी करेल, नुकसानीची जबाबदारी त्याची. मला हे वचन तेव्हाही पाठ होतं. पण ते भोंदूंसाठी आहे, आपण कुठे वैद्यकी करतो, अशी माझी समजूत होती. माझ्या एका प्रश्नाने मी ती केलीच होती. आजारी माणूस किंवा त्याची आई तुमच्या चेहऱ्याकडे बघून निर्णय घेत असते, तेव्हा तुमचं हसणंही औषधाच्या चिठ्ठीसारखं वाचलं जातं.

तुम्हाला लागून राहिलंय, हे वाचून मला बरं वाटलं. ज्यांना लागत नाही त्यांच्या हातात मजलिस जाऊ नये.

आता 'हाताला गुण आहे' या गोष्टीकडे येते. तुमच्या सगळ्या पत्राचं मूळ मला तिथे दिसतं. मराठीत आपण हे डॉक्टरबद्दलही म्हणतो, वैद्याबद्दलही, सुईणीबद्दलही. बोलणाऱ्याच्या मनात कृतज्ञता असते, त्यात वावगं काही नाही. पण तुम्ही ज्या परंपरेत बैअत घेतलीत ती या बाबतीत फार कडक आहे. आजाऱ्यासाठी म्हणायची जी दुआ पैगंबरांपासून चालत आली आहे, तिच्यात म्हटलंय: बरं करणारा तूच, तुझ्या शिफेशिवाय दुसरी शिफा नाही. कुराणात इब्राहिम म्हणतात, मी आजारी पडतो तेव्हा तोच मला बरं करतो. दोन्ही ठिकाणी मधल्या माणसाला जागाच ठेवलेली नाही. तुम्ही दर गुरुवारी 'या शाफी', म्हणजे 'हे बरं करणाऱ्या', म्हणता. ते नाव घेऊन झाल्यावर कुणी 'ताई, तुमच्याच हातांनी बरं वाटलं' म्हटलं, तर काय बोलायचं याची तयारी आधीच हवी. मला एक साधं उत्तर सापडलं होतं, फार उशिरा: 'बरं वाटलं, छान झालं. डॉक्टरांना दाखवलंत का?' कौतुक तिथेच संपतं, आणि समोरच्याला कामाची गोष्ट मिळते.

यात माझं एक मत आहे, काहींना ते आवडणार नाही. दुआने रोग हटतो, असं आपण कुणाला सांगू नये. २००६ साली अमेरिकेत हृदयाच्या बायपासच्या १,८०२ रुग्णांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. दूरवरच्या ख्रिस्ती प्रार्थना-गटांना काही रुग्णांची नावं दिली होती. आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यातल्या प्रार्थना झालेल्या ५२ टक्क्यांना आणि न झालेल्या ५१ टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. म्हणजे फरक नाही. ज्यांना आपल्यासाठी नक्की प्रार्थना होणार हे सांगितलं होतं, त्यांच्यात हा आकडा ५९ टक्के निघाला. का, याचं पक्कं उत्तर नाही. 'माझ्यासाठी प्रार्थना करायची वेळ आली, म्हणजे मी इतका आजारी आहे का?' ही धास्तीही असेल. मी मंडळातून बाहेर पडल्यावर हे वाचलं आणि बराच वेळ बसून राहिले.

मग आपण तिथे करतो काय? खूप काही करतो. कर्करोगाच्या पाचव्या केमोनंतर नातेवाईकसुद्धा फोन करायचे थांबतात. त्या माणसाचं नाव आठवड्यातून एकदा वीस जण शांतपणे, चुकू न देता घेतात. श्वास संथ होतो, रात्रीची झोप लागते, रडायला जागा मिळते, घरी जाताना कुणीतरी सोबत चालतं. तुमची आई आजारी असताना तुम्हाला हे मिळालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा. एवढं देता येत असेल तर त्याला चमत्काराचं लेबल लावायची गरज नाही. मजलिस चालवणाऱ्याने हा फरक बोलून दाखवायचा असतो, दर वेळी, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी.

आता गादी.

चिश्ती या सूफी परंपरेच्या जुन्या चरित्रांत बुरहानुद्दीन गरीब यांची एक गोष्ट आहे. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे जुने, लाडके मुरीद. वय झालं होतं, शरीर साथ देईना, म्हणून घोंगडी दुमडून तिच्यावर बसायचे. कुणीतरी निजामुद्दीनांच्या कानावर घातलं: बुरहानुद्दीन आता शेख असल्यासारखे आसन मांडून बसतात. पुढच्या वेळी ते भेटीला आले तेव्हा गुरू त्यांच्याशी बोलले नाहीत. बुरहानुद्दीन खाली येऊन बसले तर सेवकाबरोबर निरोप आला, निघा. म्हातारा माणूस रडत घरी गेला. शेवटी त्यांचे गुरुबंधू, कवी अमीर खुसरो, स्वतःचं पागोटं गळ्यात अडकवून, अपराध्यासारखे गुरूंपुढे उभे राहिले, तेव्हा कुठे माफी मिळाली. याच बुरहानुद्दीनांच्या भोवती पुढे दख्खनमध्ये चिश्ती परंपरा रुजली. १३३७ साली ते वारले. खुलदाबादला त्यांची दरगाह आहे.

मला या गोष्टीत गुरूंचा राग अन्यायाचा वाटतो. आधी एक शब्द विचारायला हवा होता. पण घोंगडीच्या एका घडीवरून एवढं रान उठलं, यातून कळतं की त्या लोकांना आसनाची केवढी धास्ती होती. शेख म्हणून बसणं आणि गुडघे दुखतात म्हणून बसणं बाहेरून सारखंच दिसतं. आत काय चाललंय हे बसणाऱ्यालाही रोज नव्याने तपासावं लागतं. नफ्स, म्हणजे आतला अहंकार, म्हणतात ते हेच. तुम्ही लिहिलंत, 'आवडतं म्हणूनच भीती वाटते.' ही भीती राहू द्या. कुणी 'ती गेली की तुम्ही तयार झालात' असं सांगितलं तरी विश्वास ठेवू नका.

दुसरी एक गोष्ट याच घराण्यातली, थोडी आधीची. निजामुद्दीनांना त्यांच्या गुरूंनी, बाबा फरीद यांनी, खिलाफतनामा दिला. म्हणजे पुढे मुरीद करण्याची लेखी परवानगी. देताना सांगितलं, वाटेत हांसीला जमालुद्दीनना हे दाखव. म्हणजे गुरूंनी सही केल्यावरही दुसऱ्या एका जाणत्याच्या नजरेखालून तो कागद जायचा होता. सूफी परंपरेत जबाबदारी म्हणजे गुरूंचा शब्द आणि बाकी सगळे गप्प, अशी समजूत पसरली आहे. पण ही तपासाची पद्धत तिच्याच पोटात होती. तुमच्या बाबतीत हा दुसरा माणूस कोण? मुर्शिदांनी तुमचं नाव घेतलं. ते कुणी तपासलं? उद्या तुमच्या हातून माझ्यासारखी चूक झाली तर तक्रार कुणाकडे जाईल, आणि तक्रार मुर्शिदांबद्दलच असेल तर? याचं उत्तर 'असं कधी होत नाही' असं आलं, तर समजा की व्यवस्थाच नाही.

वरिष्ठांचं ते वाक्य, प्रश्न पडतात म्हणजे भरवसा कमी, यावर मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. ते बहुधा त्या जुन्या उपमेच्या आधाराने बोलत असतील: मुरीदाने मुर्शिदांपुढे कसं असावं, तर मृतदेह धुणाऱ्याच्या हातात मृतदेह असतो तसं. ही उपमा नवव्या शतकातल्या सहल अल-तुस्तरी यांची म्हणून सांगतात. पण त्यांनी ती वापरली ती तवक्कुलबद्दल, माणसाने देवापुढे कसं असावं याबद्दल. पुढे कधीतरी देवाच्या जागी गुरू आले. हा बदल ज्यांना सोयीचा आहे तेच तो जास्त सांगतात. खरे मुर्शिद तुमच्या शंकांनी दुखावणार नाहीत. दुखावले, तर तेही तुम्हाला पद घेण्याआधी कळलेलं बरं.

बाईने मजलिस चालवावी का? इब्न अरबींसारखा मोठा सूफी विद्वान तरुणपणी स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये नव्वदी ओलांडलेल्या फातिमाबाईंची सेवा करायचा. त्यांच्यासाठी त्याने स्वतःच्या हाताने बोरूची झोपडी बांधली आणि त्यांना आपली आध्यात्मिक आई मानलं. हरकत घेणाऱ्यांना एवढं सांगा आणि पुढचं बोला. यावर यापेक्षा जास्त वेळ घालवू नका.

प्रशिक्षणावर मात्र वेळ घालवा. तुर्कस्तानातल्या कोन्याच्या मेव्हलेवी, म्हणजे रूमींच्या परंपरेतल्या, दर्वेशांमध्ये नवा उमेदवार यायचा तेव्हा त्याला तीन दिवस स्वयंपाकघराच्या दाराशी मेंढीच्या कातड्यावर नुसतं बसवून ठेवायचे. काम चालतं कसं ते बघ, आणि हे झेपेल का याचा विचार कर. जमणार नाही वाटलं तर उठून जायची मोकळीक. राहिला तर १००१ दिवस सेवा: निरोप पोचवणं, झाडलोट, भांडी, बाजार, अगदी शौचालयं धुणंसुद्धा. शिक्षणाचा मुख्य माणूस कोण? मुदपाकखान्याचा प्रमुख, आश्ची देदे. मध्येच सेवा मोडली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. हे सगळं पार पाडल्यावर 'देदे' ही पदवी आणि स्वतःची एक खोली मिळायची. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायच्या कितीतरी आधी त्याच्या खरकट्या ताटाला हात लावायचा, असा तो क्रम होता.

तुमच्या तीन वर्षांत काय आहे? अभ्यासक्रम मागून घ्या, कागदावर. अल्लाहची नावं, श्वासाचे प्रकार, कल्ब, रूह, सिर अशी लतीफांची, म्हणजे आतल्या सूक्ष्म केंद्रांची, साखळी, चिल्ला म्हणजे चाळीस दिवसांचा एकांत, दुआ, हे सगळं असेलच आणि असावंही. मला काळजी असते ती जे नसतं त्याची. एखादा माणूस जिक्रमध्ये रडायला लागला आणि थांबतच नाही, तेव्हा काय करायचं? कुणी हळूच येऊन म्हणालं, 'ताई, जगावंसं वाटत नाही,' तर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं? (दुआ नंतर. आधी त्याला एकटं सोडायचं नाही, थेट विचारायचं, जीव द्यायचा विचार आहे का, आणि त्याच दिवशी घरच्यांपर्यंत आणि डॉक्टरांपर्यंत पोचवायचं.) ज्याला पूर्वी मनोविकाराचा झटका येऊन गेलाय त्याला रात्रभर जागवून, जोरजोरात श्वास घ्यायला लावून जिक्र करवला तर आजार उलटू शकतो, हे कुणी शिकवतं का? आपल्या मंडळांत याला 'हाल आला', म्हणजे भावावेश झाला, म्हणून टाळ्या पडतात. हाल थोड्या वेळाने ओसरतो, माणूस जेवतो, झोपतो, कामाला लागतो. चार रात्री झोप नाही, बोलणं थांबत नाही, पैसे उधळणं चाललंय, आणि 'मला थेट हुकूम येतात' म्हणतोय, तर त्याला मानसोपचारतज्ज्ञ लागतो. या दोहोंतला फरक ओळखता येणं हा नावांच्या अभ्यासाइतकाच शिक्षणाचा भाग असायला हवा.

आणि चिठ्ठ्या. तुमच्याकडे दुआ झाल्यावर त्या चिठ्ठ्यांचं काय होतं? हे कदाचित तुम्हाला फार बारीक वाटेल. माझ्याकडे एकदा धुवायला टाकलेल्या कुर्त्याच्या खिशात एक चिठ्ठी निघाली होती. नाव, आजार, आणि खाली 'सासरी कळू देऊ नका'. शाई पसरली होती तरी वाचता येत होतं. ती माझ्याऐवजी कुणाच्या हाती लागली असती तर? त्या दिवसापासून मी आजार लिहायची पद्धतच बंद केली. फक्त नाव, तेही ज्याचं त्याच्या संमतीने, आणि मजलिस संपल्यावर सगळ्या चिठ्ठ्या तिथेच फाडून पाण्यात. कुणी शेजारणीचं नाव तिला न विचारता दिलं तर वाचायचं नाही. प्रशिक्षणात ही गोष्ट येते का बघा. येत नसेल तर तुमच्या मजलिसमध्ये तुम्ही आणा.

फीबद्दल. शिफेच्या कामात पैसा आला म्हणजे ते भ्रष्ट झालं, असं मी मानत नाही. बुखारींच्या हदीस-संग्रहात एक प्रसंग आहे. प्रवासातल्या काही सहाबींना, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांना, एका टोळीने पाहुणचार नाकारला. थोड्या वेळाने त्याच टोळीच्या प्रमुखाला विंचू डसला आणि लोक मदतीसाठी धावत आले. एकाने मेंढ्यांचा कळप ठरवून घेतला, सूरह फातिहा म्हणून फुंकर घातली, प्रमुख उठून चालायला लागला. मेंढ्या मिळाल्या, पण वाटून घ्यायला कुणी धजेना. आधी पैगंबरांना विचारू म्हणाले. त्यांनी सांगितलं, वाटून घ्या, माझाही वाटा ठेवा. लोक ही गोष्ट फी घेण्याच्या समर्थनासाठी सांगतात, आणि ती आहेच तशी. मला त्यातलं ते थांबणं जास्त मोलाचं वाटतं. मोबदला उघडपणे ठरला होता, तरी हात लावण्याआधी विचारणा झाली.

तुमच्या फीलाही तसंच उघड्यावर आणा. शिबिराची जागा, जेवण, शिकवणाऱ्याचा वेळ याला खर्च येतो, तो द्यायला हरकत नाही. पण तीन वर्षांचे पैसे एकदम का? वर्षावर्षाने भरते म्हणा. मध्ये सोडलं तर काय परत मिळेल ते लिहून मागा. पावती मागा. ज्याला परवडत नाही अशा मुरीदासाठी काय सोय आहे ते विचारा. यातून मंडळाचा स्वभाव जितका कळेल तितका प्रवचनांतून कळणार नाही. आणि फी भरली तरच मजलिस तुमच्याकडे येणार असेल, तर नाही म्हणा. ते पद विकत घेणं झालं. आजारी माणसाकडून मात्र दुआचा एक पैसाही घ्यायचा नाही, 'नजराणा' म्हणूनही नाही. घाबरलेला माणूस नाही म्हणू शकत नसतो.

मग तुम्ही काय करावं, असं मला वाटतं? प्रशिक्षणाचं पहिलं वर्ष करा. तुम्हाला या कामाची ओढ आहे, आईच्या दुखण्यातून ती आली आहे आणि ती खरी आहे. मजलिस मात्र पूर्णपणे अंगावर घेऊ नका. मंडळाचा प्रमुख म्हटलं की आपण पाच वेगवेगळी कामं एकाच माणसाच्या गळ्यात बांधतो: जिक्र चालवणं, जागा आणि वेळ सांभाळणं, पैशांचा हिशेब, अडचणीतल्या माणसांचं ऐकून घेणं, आणि मुरीदांना मार्ग दाखवणं. शेवटचं काम तुमचं नाही, अजून बरीच वर्षं नाही. हिशेब दुसऱ्या कुणाकडे राहू द्या, दोघांच्या सहीने. जिक्र आणि व्यवस्था तुम्ही घ्या, पण दुसऱ्या एका मुरीदासोबत आणि एका वर्षासाठी. वर्ष संपल्यावर आपोआप चालू राहील असं ठेवू नका, पुन्हा विचारलं जावं. बंद खोलीत एकट्या-दुकट्या आजाऱ्यावर शिफा करायची नाही, हे पहिल्या दिवशीच जाहीर करा. तो नियम आजाऱ्यांच्या भल्यासाठी आहे तसा तुमच्याही भल्यासाठी आहे.

आणि घरी बोला. नवऱ्याने 'तू ठरव' म्हटलंय. आमच्या घरीही असंच म्हटलं गेलं होतं. त्याचा अर्थ मी परवानगी असा घेतला. त्यात 'मी थकलोय, विचारून काय उपयोग' हेही असू शकतं, हे मला चार वर्षांनी कळलं. गुरुवार, मग शनिवारी कुणाच्या दवाखान्यात भेट, मग रात्री अकराला रडणारा फोन, असं हे काम घरात शिरतं. रात्री किती वाजेपर्यंत फोन घेणार हे आधी घरच्यांना विचारून ठरवा, मग मंडळाला सांगा. त्या वेळेनंतर अडलेल्याने कुणाकडे जायचं, तो दुसरा नंबरही त्यांच्याजवळ असू द्या.

मुर्शिदांना काय सांगायचं, तेही अवघड करू नका. त्यांच्यासमोर बसा, सगळ्यांसमोर नको. म्हणा, 'हजरत, तुम्ही नाव घेतलंत, मी आभारी आहे. एक वर्ष, जोडीने, आणि औषधाबद्दल मजलिसमध्ये कुणी काही बोलायचं नाही, फक्त डॉक्टरांकडे पाठवायचं, एवढ्या अटीवर मी तयार आहे.' मग थांबा. ते काय म्हणतात यापेक्षा औषधाच्या अटीवर त्यांचा चेहरा कसा होतो ते बघा. 'अर्थात!' म्हणून पुढच्या कामाला लागले, तर तुम्ही चांगल्या ठिकाणी आहात. समजावायला लागले, की खऱ्या श्रद्धेला या गोष्टींची गरज नसते, तर तिथे मुरीद म्हणूनही राहायचं का, हा प्रश्न उभा राहतो. मग मला पुन्हा लिहा, त्यावर वेगळं बोलू.

त्या बाईंनी फोन उचलला का, तेही कळवा. नसेल उचलला तर संध्याकाळी घरी जाऊन या.